गावाची मॅच शनिवारी

बेलापूर, न्यू बॉम्बे
६ जून १९८२

प्रिय धर्मा,

तुझं पत्र मिळालं. कुवेतमध्ये सेहेचाळीस डिग्री आहे म्हणून तू कण्हतोस. एकदा आमच्या रहिवासी संघाच्या मीटिंगला येऊन बस, मग डोकं तापणं म्हणजे काय ते कळेल. कालची मीटिंग साडेतीन तास चालली. अजेंड्यावर पाणी होतं, रस्त्यावरचे दिवे होते, बसची फेरी होती. चर्चा झाली ती फक्त वासावर.

सागर सोसायटीच्या सुभाष पोंक्षेने अठ्ठावन्न सह्यांचा अर्ज आणला होता. दिवाळे गावच्या बायका मैदानात मासळी सुकवतात ते कायमचं बंद करा म्हणे. मी विचारलं, फ्लॅट घेताना समोर खाडी दिसली नव्हती का? तर म्हणतो, खाडी माहितीपत्रकात होती, वास नव्हता. आणि या विनोदावर लोक हसले. मी अध्यक्ष, मला हसता येत नाही.

नवीन भरती खूप झाली आहे. त्यांना काही ठाऊक नाही. मग बसलो पहिल्यापासून सांगत. म्हटलं, आपल्या इमारती आल्या नव्हत्या तेव्हापासून गावाच्या बायका या जागेवर बोंबील-जवळा वाळत घालतात. तारेचं कुंपण घातलं ते आपण. त्यावरून एकोणऐंशी साली बायका आणि आपले लोक समोरासमोर आले, टोपल्या उडाल्या, शिव्या झाल्या. तेव्हा कंपनीच्या कँटीनमध्ये बसून मी आणि दिवाळ्याचा धर्मा कोळी, आमच्या कंपनीच्या टीमचा गोलकीपर मी आणि लेफ्ट बॅक तो, आम्ही दोघांनी तोडगा काढला. दर पावसाळ्यात चार टीमची फुटबॉल स्पर्धा, रेफ्री मी. एक टीम गावाची, तीन आपल्या सोसायट्यांच्या. जिंकेल त्याच्याकडे वर्षभर कप आणि मैदानाच्या गेटची चावी. गाव जिंकलं तर ऑक्टोबर ते मे अर्ध्या मैदानात मासळी. आपली सोसायटी जिंकली तर त्या वर्षी मासळी नाही. गावाला हे पटत नव्हतं. धर्माने स्वतःचा शब्द टाकून पटवलं. आता तीन वर्षं सलग गाव जिंकलं म्हणून तुम्हाला नियम नकोसा झाला का?

शेवटी सुभाष म्हणाला, "ठीक आहे टिपणीससाहेब, मैदानावर बघू." मला एवढंच हवं होतं.

तेरा तारखेपासून स्पेनमध्ये वर्ल्ड कप. तुझं कुवेत पहिल्यांदाच खेळतंय. इथे टीव्हीवर काय दाखवतील याचा भरवसा नाही आणि पेपरवाल्यांना इंग्लंडमधल्या आपल्या टेस्टपुढे काही सुचत नाही. तेव्हा तूच सविस्तर लिही. तुझी आई, म्हणजे आमच्या मावशी, परवा चिंबोऱ्या घेऊन आल्या होत्या. तुझ्या वहिनीला त्या कशा साफ करायच्या ते शिकवत तासभर बसल्या. तब्येत छान आहे.

तुझा,
नंदू

फहाहील, कुवेत
२२ जून १९८२

प्रिय नंदू,

नमस्कार. तू सविस्तर लिही म्हणालास, आणि काल इथे असं काही झालं की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या कॅम्पात टीव्ही एकच, मेसच्या हॉलमध्ये. काल संध्याकाळी कुवेत आणि फ्रान्सची मॅच. कंपनीने शिफ्ट लवकर सोडली. पुढे खुर्च्यांवर कुवेती साहेब, त्यांच्यामागे इजिप्तचे फोरमन, आणि भिंतीला टेकून आम्ही. त्यात मल्याळी, पठाण, बांगलादेशी, उरणचा नामदेव आणि मी. आमची टीम तीन-एकने मागे होती. आमची म्हणतो, कारण इथे तसंच म्हणावं लागतं. तेवढ्यात फ्रान्सने चौथा गोल मारला. कुवेतची पोरं जागेवरच उभी. म्हणे त्यांनी शिट्टी ऐकली. शिट्टी कोणी तरी प्रेक्षकांतून वाजवली होती, रेफ्रीने नाही. रेफ्रीने गोल दिला.

मग वर बसलेले शेख, राजाचे भाऊ आणि यांच्या फुटबॉलचे प्रमुख, ते उठले. पांढरा झगा, डोक्याला रुमाल, सरळ चालत मैदानात आले. भोवती पोलीस, फोटोवाले. रेफ्रीशी काही बोलले. आणि नंदू, रेफ्रीने गोल परत घेतला. मी बारा वर्षं फुटबॉल खेळलो, दिलेला गोल कोणी येऊन उचलून नेलेला कधी पाहिला नाही.

हॉलमध्ये साहेब लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. आम्हीही वाजवल्या. न वाजवून कसं चालेल, ते मागे वळून बघत होते. नामदेव माझ्या कानात म्हणाला, "असा एक शेख आपल्या गावाला पायजे होता रं." मग फ्रान्सने आणखी एक मारला आणि चार-एक व्हायचं ते झालंच. मला वाईट वाटलं ते रेफ्रीचं. तू तिथे असतास तर काय केलं असतंस?

मागच्या आठवड्यात अल्जीरियाने जर्मनीला हरवलं, त्या दिवशी मात्र कॅम्पात कोणाला टाळ्या वाजवायला सांगावं लागलं नाही.

दमयंतीचं पत्र आलं. सोसायटीवाले सह्या गोळा करतात असं लिहिते. माझी बहीण घाबरट नाही, तरी काळजीत दिसली. आईचं सगळं त्या सुक्या मासळीवर आहे आणि गावात दुसरी कोरडी मोकळी जागा उरलेली नाही, हे तुला मी सांगायला नको. गावातल्या म्हाताऱ्यांनी तेव्हा मला विचारलं होतं, चावी सोसायटीवाल्यांच्या हातात गेली तर? मी म्हटलं होतं, शिट्टी नंदूच्या हातात आहे. एवढं लक्षात ठेव.

तुझा,
धर्मा

बेलापूर
५ जुलै १९८२

प्रिय धर्मा,

तुझ्या शेखवर लिहिणार होतो, पण त्याहून मोठी लबाडी होऊन गेली. तू ती टीव्हीवर पाहिली असशील. मी पेपरात चार ओळी वाचल्या आणि चहा तसाच ठेवून उठलो.

जर्मनी आणि ऑस्ट्रिया. आदल्या दिवशी अल्जीरियाची शेवटची मॅच होऊन गेलेली. त्यामुळे या दोघांना पक्कं माहीत, जर्मनी एका गोलाने जिंकली की दोघेही पुढे आणि अल्जीरिया घरी. दहाव्या मिनिटाला जर्मनीने गोल मारला आणि पुढची ऐंशी मिनिटं दोन्ही टीम एकमेकांना बॉल देत फिरल्या. लग्नात मुलाकडचे आणि मुलीकडचे एकमेकांना ताटं पुढे करतात ना, तसं. प्रेक्षक ओरडत होते, रुमाल हलवत होते, यांना काही नाही. अल्जीरियाने तक्रार केली. फुटबॉलच्या त्या मोठ्या संघटनेने उत्तर काय दिलं? नियमभंग झालेला नाही.

रेफ्री झोपला होता का? आयोजकांना वेळापत्रक करताना एवढंही कळलं नाही? मी रागाच्या भरात संपादकांना पत्र लिहिलं आणि गुरुवारच्या पेपरात ते छापून आलं. कात्रण सोबत जोडलं आहे. शेवटचं वाक्य मला स्वतःला आवडलं: "नियमभंग झाला नाही असे म्हणणाऱ्यांनी नियम कशासाठी असतात ते आधी सांगावे." ऑफिसात तिघांनी अभिनंदन केलं. सुभाष पोंक्षेसुद्धा म्हणाला, बरोबर लिहिलंत.

आता आपलं. माझ्या डोक्याचा भुगा झाला आहे. चिखल बघून घ्या, बॉल बघून घ्या, जाळ्या बघून घ्या, सगळं मीच. प्रमुख पाहुणे म्हणून एक मोठे सरकारी अधिकारी यायला तयार झाले आहेत, तेही फक्त पंचवीस तारखेला. चार टीम, प्रत्येकाची प्रत्येकाशी एक मॅच, वरच्या दोन टीम फायनलला. अकरा आणि अठरा तारखेच्या रविवारी दोन दोन मॅच. चोवीसला शनिवारी गाव विरुद्ध नवयुग सोसायटी, आणि पंचवीसला रविवारी पाहुण्यांसमोर सागर विरुद्ध उदय. सोसायटीच्या लोकांना रविवारच सोयीचा पडतो. गावच्या पोरांना काय, पावसात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, शनिवारही चालतो. फायनल एक ऑगस्टला, म्हणजे नारळी पौर्णिमेच्या आत तुमची पोरं मोकळी. वेळापत्रक छापून घेतलं, प्रत्येक इमारतीत लावलं, दिवाळ्यात गोवर्धनकडेही दिलं. तुझा भाऊ कॅप्टन झाल्यापासून फार गंभीर झालाय.

शिट्टी माझ्याच हातात आहे. काळजी करू नकोस.

तुझा,
नंदू

फहाहील
१७ जुलै १९८२

प्रिय नंदू,

घाईत लिहितोय. तुझं पत्र काल मिळालं. कात्रण दोनदा वाचलं, मग वेळापत्रक दोनदा वाचलं.

अरे, तू तेच केलंयस. गावाची मॅच आदल्या दिवशी. रविवारी सागर आणि उदय मैदानात उतरतील तेव्हा त्यांना पक्कं माहीत असेल की किती गोल झाले म्हणजे गाव बाहेर. सुभाषने तुझं पत्र वाचलंय, "बरोबर लिहिलंत" म्हणालाय. त्यानेही त्यातून काही शिकून ठेवलं असेल.

अजून वेळ आहे. एक तर गावाची मॅच शेवटी ठेव. नाही तर दोन्ही मॅच रविवारी एकाच वेळी घे, एक तिथे आणि एक आपल्या कंपनीच्या मैदानावर. तिथल्या सेक्रेटरीला माझं नाव सांग, तो नाही म्हणणार नाही. नामदेव सुट्टीवर निघालाय, हे पत्र त्याच्या हातात देतो. पोस्टाने गेलं तर मॅच होऊन जाईल. तो उरणला जाण्याआधी तुझ्या घरी येईल.

नंदू, पाहुण्यांची सोय नंतर बघ.

धर्मा

बेलापूर
२६ जुलै १९८२

प्रिय धर्मा,

बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही. कामाचा ताण असेल. इथे मी स्पर्धेच्या व्यापात जेमतेम जिवंत आहे.

जर्मनी फायनलला हरली हे बरं झालं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले.

आता इथली हकीकत. पहिल्या रविवारी गावाने सागरला दोन-एकने हरवलं, गोवर्धनचे दोन्ही गोल पाहण्यासारखे होते. दुसऱ्या रविवारी उदयने गावाला एक-शून्यने हरवलं. शनिवारी गावाने नवयुगला तीन-दोनने हरवलं. म्हणजे गावाचे चार गुण. उदयचेही चार, त्यांनी नवयुगला दोन गोलांनी हरवलं होतं. सागरचे दोनच, पण त्यांनी नवयुगला चार गोलांनी धुतलेलं, त्यामुळे गोलफरकात ते वर. काल सागर आणि उदय. सागर एका गोलाने जिंकली तर तिघांचे गुण सारखे आणि गोलफरकावर गाव तिसरं. बरोबरी झाली किंवा उदय जिंकली तर गाव आत. तीन गोलांनी सागर जिंकली तर उदयच बाहेर.

सागर एक-शून्यने जिंकली.

गोल आठव्या मिनिटाला झाला. त्यानंतर खेळ जरा संथ झाला हे मी मान्य करतो. मैदानात घोट्यापर्यंत चिखल होता, पोरं दमलेली होती. मध्ये एक प्रेक्षक मैदानात आल्यामुळे खेळ पाच मिनिटं थांबवावा लागला. रेफ्री म्हणून मी शिस्तीत बाहेर जायला सांगितलं आणि तेवढी पाच मिनिटं शेवटी वाढवून दिली. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात खिलाडूवृत्तीचं कौतुक केलं.

संध्याकाळी गोवर्धनने तक्रारीचा अर्ज दिला. कमिटी रात्रीच बसली. सर्वांच्या मते नियमभंग झालेला नाही, तसं त्याला लेखी कळवलं आहे. वाईट मला वाटत नाही का? पण अध्यक्षाला स्वतःच्या मनासारखं करता येत नाही. फायनल सागर आणि उदय यांच्यात एक तारखेला. दोघांपैकी कोणीही जिंकलं तरी चावी सोसायटीकडे. एका वर्षाचा प्रश्न आहे. पुढच्या वर्षी गाव पुन्हा जिंकेल.

पत्र लिही.

तुझा,
नंदू

फहाहील
८ ऑगस्ट १९८२

नंदू,

पत्र नाही म्हणतोस. नामदेवने ते एकवीस तारखेला, बुधवारी दुपारी, स्मितावहिनींच्या हातात दिलं. वहिनींनी त्याला सरबत दिलं, हेही त्याने मला कळवलंय. बुधवार ते रविवार चार दिवस होते.

तुझा "एक प्रेक्षक" कोण होता तेही दमयंतीने लिहिलं आहे. ती लिहिते, दोन्ही टीम बॉल इकडून तिकडे देत होत्या, सोसायटीचे लोक छत्र्यांखाली गप्पा मारत होते, आणि आई खाडीच्या बाजूने डोक्यावर टोपली घेऊन सरळ मैदानाच्या मध्यावर गेली. टोपली खाली ठेवली आणि उभी राहिली. कोणाला काही बोलली नाही. तू शिट्टी वाजवलीस, तिच्यापर्यंत चालत गेलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "ओ बाई, बाहेर व्हा."

ती तुझी मावशी ना रे? कंपनीच्या मॅचनंतर आपण दोघे ओले होऊन घरी यायचो तेव्हा तुझं डोकं पुसणारी कोण होती? बाई?

शेख मैदानात आले तर रेफ्रीने गोल परत घेतला. दंड झाला म्हणतात त्यांना, आणि त्या रेफ्रीला घरी बसवलं म्हणतात. माझ्या आईने फक्त विचारलं की हे काय चाललंय, तोंड न उघडता विचारलं. तर तिला बाहेर. आणि बाहेर काढायला लागलेली पाच मिनिटं तू त्यांना परत दिलीस, अजून पाच मिनिटं बॉल फिरवायला.

तुझं कात्रण माझ्याकडे आहे. गोवर्धनला दिलेलं उत्तर दमयंतीने पाठवलं. अक्षर तुझंच. मी दोन्ही कागद पेटीवर शेजारी ठेवले आहेत आणि कामावरून आलो की बघतो. "नियमभंग झालेला नाही." गावाला मी काय सांगितलं होतं ते तुला माहीत आहे. आता ते मला पत्रातून विचारतात, तुझ्या मित्राची शिट्टी कुठे गेली?

जर्मनीविरुद्ध पेपरात लिहिलंस. आता स्वतःविरुद्ध लिही. मग माझ्या पत्राची वाट बघ.

धर्मा

बेलापूर
२२ ऑगस्ट १९८२

प्रिय धर्मा,

पत्र बुधवारीच मिळालं होतं. खोटं लिहिलं.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो. चूक कळली असं वाटलं नाही. राग आला. कुवेतमध्ये बसून हा मला वेळापत्रक शिकवतो. मग छापलेले कागद आठवले, पाहुणे आठवले, पुन्हा सगळ्या इमारतींत जाऊन लोकांना पटवायचं आठवलं. आणि मनात म्हटलं, जर्मन लोक असं करतील. आपली माणसं करणार नाहीत. सुभाष रोज सकाळी बसस्टॉपवर मला पेपरातलं मोठ्याने वाचून दाखवतो. तो असं करेल?

केलं. आणि मी त्यांच्यामधून शिट्टी तोंडात धरून एक तास धावत होतो. विसाव्या मिनिटाला मला कळलं होतं. उदयचा गोलकीपर गोलपोस्टला टेकून उभा होता, आणि त्याच्याकडे बॉल घेऊन कोणी जात नव्हतं. मी काय करायचं? नियमांच्या पुस्तकात यावर काही नाही, हे मी स्वतःला सांगत राहिलो. मावशी मध्यावर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मला इतकी लाज वाटली की त्या तिथून जाव्यात एवढंच सुचलं. "बाई" तोंडातून गेलं. मावशी म्हटलं असतं तर मला पुढचं बोलता आलं नसतं.

फायनल सागर जिंकली. चावी सुभाषकडे गेली.

तुझं पत्र आल्यावर मी मीटिंग बोलावली. मॅच रद्द करा आणि चावी गावाला परत द्या, असा ठराव मांडला. बाजूने एक मत पडलं, ते माझं. विरुद्ध चौदा. सुभाष म्हणाला, "साहेब, शिट्टी तर तुम्हीच वाजवलीत. तेव्हा का नाही थांबवलंत?" मग सगळ्यांनी एकमताने असं ठरवलं की पुढच्या वर्षीपासून शेवटच्या दोन मॅच एकाच वेळी घ्यायच्या. त्याला सगळे ताबडतोब तयार. आता तयार व्हायला काय जातंय यांचं?

तू म्हणालास तसं पेपराला लिहिलं. छापलं नाही. स्पेनमधल्या मॅचवर लिहिलेलं छापतात, बेलापूरच्या मॅचवर कोण छापणार? म्हणून तेच पत्र मोठ्या अक्षरात लिहून नोटीस बोर्डावर लावलं. सुरुवात अशी आहे: "दिवाळे गावाची टीम मैदानावर हरलेली नाही. तिला माझ्या वेळापत्रकाने आणि माझ्या शिट्टीने बाहेर काढले." खाली सही, नंदकिशोर टिपणीस, अध्यक्ष. दुसऱ्या दिवशी कोणी तरी फाडलं. पुन्हा लावलं. पुन्हा फाडलं. चौथ्यांदा लावलं ते खाली "माजी अध्यक्ष" लिहून, कारण मध्ये मी राजीनामा दिला.

स्मिता माझ्याशी कामापुरतं बोलते. म्हणते, पत्र मी तुमच्या हातात दिलं होतं, आणि तुम्ही ते वाचून टीव्हीवर ठेवलंत.

नंदू

फहाहील
५ सप्टेंबर १९८२

प्रिय नंदू,

बोर्डावरचा मजकूर दमयंतीने जाऊन वाचला. उतरवून मला पाठवला. गोवर्धनने तो गावात मोठ्याने वाचला. काही जण म्हणाले, कागदाने काय होतंय. काही जण म्हणाले, एवढं तरी कोण लिहितं.

माझा राग गेलाय असं नाही. पण तुझं अक्षर बघून पत्र लगेच फोडलं, म्हणजे थोडा गेला असावा.

सगळ्यांना लिहिलंस. पेपराला, बोर्डाला, मला. आईकडे गेलास का? दिवाळं तुझ्या घरापासून चालत वीस मिनिटं आहे. ती एकटीने मैदानात जाऊन उभी राहिली. आमच्या गावात एवढं धाडस मी कुठल्या पुरुषात पाहिलं नाही. तिच्यासमोर जाऊन बोल.

धर्मा

बेलापूर
२६ सप्टेंबर १९८२

प्रिय धर्मा,

आज सकाळी गेलो होतो.

आठ दिवस निघायचं म्हणत होतो आणि दर दिवशी काही तरी काम निघत होतं, म्हणजे मी काढत होतो. शेवटी स्मिताने छत्री हातात दिली आणि दार लावून घेतलं.

मावशी दारात बसून कोळंबी सोलत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये रे नंदू, बस." दमयंती आत होती, ती बाहेर आली नाही. मी उभाच राहिलो. वाटेत पाठ केलेलं बोललो. त्या दिवशी तुम्ही मैदानात येऊन उभ्या राहिलात, जे बोलायची आमच्यात कोणाची हिंमत नव्हती ते न बोलता बोललात, आणि मी तुम्हाला बाहेर काढलं. माझं चुकलं.

मावशींचा हात थांबला. मग म्हणाल्या, "मी कुठं काय बोललू? सुकटीची टोपली घेऊन बाजारात चाललू होती. मना वाटला, खेल संपला. कोनी खेलतच नव्हता. गोवर्धन बी काठाला बसलेला. म्हंटला, नंदू हाय वाटेत, तर इचारून जावा कोन जिंकला. म्हनून टोपली खाली ठेवली. तू शिटी मारलीस, तवा समजला का खेल अजून चालू हाय."

धर्मा, आपण दोघांनी या बाईवर किती पत्रं लिहिली. तू तिला तुझ्या शेखाशेजारी उभी केलीस. मी बोर्डावर लावलं. त्या मला फक्त विचारायला थांबल्या होत्या.

मी खाली बसलो. पुन्हा माफी मागायला लागलो तर त्यांनी कोळंबीच्या हातानेच मला थांबवलं. "माफी र्‍हाऊ दे. बाई म्हंटलास त्याचा मना राग आला, तो मी त्याच दिवशी घरी येऊन काढला. तू आता मना येवढा सांग. पुढल्या महिन्यात बोंबील येतील. कुठं घालू?"

त्या वाट बघत होत्या. खरोखरच वाट बघत होत्या, टोमणा नव्हता त्यात. गावात रस्त्याकडेला घातलं तर ट्रकची धूळ बसते, होड्यांच्या बाजूला भरतीचं पाणी येतं, हे त्यांनी मला नीट समजावून सांगितलं, जसं काही मी विचार करून जागा काढून देणार आहे. दमयंती चहा घेऊन आली, कप ठेवून आत गेली.

मी माफी घेऊन गेलो होतो. त्यांना जागा पाहिजे होती. चहा पिऊन घरी आलो.

सुभाषकडे उद्या पुन्हा जाईन. तो काय म्हणेल ते मला माहीत आहे. आमच्या गच्चीचं विचारून पाहीन, तिथेही काय म्हणतील ते माहीत आहे. तीन आठवडे आहेत. मला अजून काहीही सुचलेलं नाही. तुला सुचलं तर लगेच कळव, आणि कोणी येत असेल तर त्याच्या हातात पाठव.

तुझा,
नंदू